झऱ्यावरचे ऊद

ईरा, तू पाठवलेली ती चित्रफीत मी चार वेळा पाहिली. पहाटेचा अंधुक उजेड, पानांवरून टपटपणारं पाणी, पायवाटेच्या कडेनं वाहणारा तो लहानसा ओढा, आणि तुम्ही आठ-दहा जण रंगीत रेनकोट घालून एकामागं एक, अगदी मुकाट्यानं चाललेले. मग कुणीतरी बोट दाखवतं, पाण्यावर बुडबुडे येतात, आणि बदकाच्या चोचीचा तो चमत्कारिक प्राणी क्षणभर वर येऊन पुन्हा बुडी मारतो. तुझा कुजबुजता आवाज ऐकू येतो, "आजी, दिसला का?" दिसला, बाळ. खाली तू विचारलं होतंस की आजी, तू कधी अशी पहाटे प्राणी बघायला गेली होतीस का, की झाशीत नुसते दगड आणि किल्लाच आहे? त्यावर नीलनं एक हसरा चेहरा टाकला. मी त्या दिवशी "नंतर लिहीन" एवढंच कळवलं होतं. आता लिहिते आहे.

हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हांला इंग्रजी सोपं गेलं असतं हे मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही. सगळं आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेलं; माझी वाणसामानाची यादीसुद्धा इंग्रजीत असते. पण ज्या ओढ्याबद्दल मी सांगणार आहे तो मी एकदा इंग्रजीत उतरवला होता, छान रेघा मारून, तांबड्या शाईनं मथळे देऊन. तो पुन्हा इंग्रजीत उतरवायचं धैर्य मला नाही. तुमचा बाबा वाचून दाखवील. तो अडला तर मला फोन करा.

आमचं घर खंडेराव गेटाच्या आत, एका बोळात, वरच्या मजल्यावर होतं. तीन खोल्या, एक छज्जा आणि जिन्याखाली बंबाची जागा. दाराच्या आत मराठी, जिन्यावर हिंदी, बोळाच्या तोंडाशी बुंदेली आणि शाळेच्या फाटकापासून पुढं इंग्रजी, अशा चार भाषा मी रोज चढत-उतरत असे आणि त्यात काही विशेष आहे असं मला वाटत नसे. घरात आम्ही चौघं. आई, आप्पा, मी आणि आप्पांचे धाकटे भाऊ दिगूकाका. काका नहर, म्हणजे कालवे खात्याच्या कचेरीत बाबू होते. काकू मी जन्मायच्या आधीच, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तापानं गेल्या होत्या. त्यांचा फोटो भिंतीवर नव्हता आणि त्यांच्याबद्दल कुणी बोलत नसे. काकाही मुळात कमीच बोलत. ते घरात आहेत हे कळायचं ते त्यांच्या खोकल्यावरून, आणि पेन्सिलीला चाकूनं टोक करतानाच्या करकर आवाजावरून.

रविवारी आई अंधारातच स्टोव्ह पेटवी. पंप मारल्याचा फस्‌फस्‌ आवाज, मग स्टोव्हची घरघर, मग दुधात भिजवलेल्या दशम्यांचा वास. तरी मी त्यानं उठत नसे. मी उठत असे ती एका बारीक आवाजानं. माझ्या उशाशी पाण्याचा तांब्या असे आणि त्यावर फुलपात्र पालथं घातलेलं. काका पाय न वाजवता यायचे, त्या फुलपात्राच्या बुडावर आलेपाकाची एक वडी ठेवायचे आणि नखानं एकदा वाजवायचे. टक्‌. हाक नाही, हलवणं नाही. मी डोळे उघडेपर्यंत ते खोलीबाहेर गेलेले असत. ती वडी मात्र लगेच खायची नसे. ती रुमालात बांधून न्यायची. ओढ्यापाशी पोचलो की तोंडात टाकायची. काका म्हणत, "वडी तोंडात असली की खोकला येत नाही, आणि माणूस बडबडतही नाही." आजही आलेपाक जिभेवर ठेवला की मी आपोआप गप्प होते. तुमच्या आजोबांना हे फार उशिरा कळलं, नाहीतर त्यांनी घरात डबा भरून ठेवला असता.

पहिल्या बसनं आम्ही झाशीजवळच्या बरुआसागर गावाला जायचो. कंडक्टर ओळखीचा होता. तो तिकीट फाडताना विचारी, "काय बाबूजी, अदरक लैन जा रए?" आणि काका गंभीरपणे म्हणत, "हओ भैया, अदरक." बरुआसागरचं आलं आमच्याकडे नावाजलेलं, त्यामुळे कुणाला त्यात नवल वाटत नसे. येताना काका खरोखरच झोल्यातून शेर-दीड शेर आलं आणत आणि त्याचाच आई पुढच्या रविवारांसाठी आलेपाक करी. मी एकदा विचारलं, "काका, आपण आलं आणायला कुठं जातो? आपण तर ओढ्यावर जातो." काका म्हणाले, "आणतो ना येताना? मग खोटं काय बोललो?" मला वाटलं ते विनोद करताहेत. आपल्याला कुठं काय दिसतं ते ते आप्पांनासुद्धा सांगत नसत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. मी वर्गात पहिली येणारी मुलगी होते, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

बरुआसागरच्या तलावाला दगडी बांध आहे. बांधाच्या खालून पाणी झिरपतं, खडकातून झऱ्यासारखं फुटतं आणि पुढं ओढा होऊन वाहतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना कहुव्याची झाडं. पांढुरक्या, गुळगुळीत बुंध्यांची, मुळं पाण्यात सोडून बसलेली. तुमच्या पुस्तकात त्याला अर्जुन म्हणतील. मध्येमध्ये जांभळी, उंबर आणि वेलींची अशी गुंतागुंत की ऊन खाली पोचेपर्यंत हिरवं होऊन जाई. तुझ्या तिकडच्या जंगलाच्या मानानं ते काहीच नाही, ईरा. अर्ध्या तासात या टोकाचं त्या टोकाला जाता येई. पण बाहेर मे महिन्यात खडक तापून पांढरे पडलेले असताना आत पाऊल टाकलं की अंगावर ओला पंचा पडल्यासारखं वाटे. दगडांवर शेवाळ, शेवाळावर इवल्या नेच्यांची पानं. पाण्याचा आवाज मोठा नव्हता, कुणी शेजारच्या खोलीत हलक्या आवाजात वाचत बसल्यासारखा होता. काका पुढं, मी मागं. ते थांबले की थांबायचं, त्यांनी हनुवटी जिकडे केली तिकडे बघायचं. खंड्या, पाणकोंबडी, लांब पांढऱ्या शेपटीचा दूधराज. एकदा काठावर येऊन पाणी पिणारी मुंगसांची जोडी. दिसलं की काका खिशातून लहानशी वही काढत आणि चालता चालताच मोडीत लिहीत.

मोडी म्हणजे आपल्या घराण्याची जुनी लिपी. आपले पूर्वज पेशवाईत इकडे दप्तर सांभाळायला आले ते हीच लिपी घेऊन. आप्पांनी ती सोडली. काकांनी माझ्या आजोबांच्या हाताखाली गिरवली आणि धरून ठेवली. साऱ्या झाशीत ती वाचता येणारी माणसं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी उरली असतील. मला ती गचाळ वाटे. सगळी अक्षरं एकमेकांत गुंतलेली, ना विरामचिन्ह, ना दोन शब्दांत अंतर. मी म्हणे, "काका, देवनागरीत तरी लिहा. मलासुद्धा वाचता येत नाही." ते म्हणत, "मोडीत हात उचलावा लागत नाही, कुमे. चालता चालता लिहून होतं." ते खरंच होतं. पण ते तेवढ्यासाठीच मोडीत लिहीत नव्हते.

मी नववीत होते. त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. एका रविवारी ओढ्याच्या तोंडाशी हल्के कक्का आमची वाट बघत उभे होते. हे जातीनं ढीमर, तलावाच्या एका कोपऱ्यात शिंगाडे लावत आणि जाळं टाकत. काकांची आणि त्यांची जुनी मैत्री, म्हणजे दोघंही शेजारी बसून न बोलता विडी ओढत. त्या दिवशी मात्र कक्का बोलले, "बाबूजी, आ गए वे." आणि मला म्हणाले, "बिन्नू, आज चप्पल इतईं उतार दो." मी चप्पल काढली. दगड बर्फासारखे होते. तोंडातली वडी विरघळून गेली तरी आम्ही तिघं एका उंबराच्या मुळाशी बसून होतो.

आधी शीळ आली. पाखराची नव्हे, बारीक, ओली, प्रश्न विचारल्यासारखी. पलीकडून दुसरी आली. मग तिसऱ्या कहुव्याच्या मुळांखालून पाण्यावर एक तपकिरी डोकं निघालं, मग दुसरं, आणि त्यांच्यामागं तीन लहान डोकी, हिंदकळत. ऊद. तुम्ही ऑटर म्हणता, पुस्तकी मराठीत पाणमांजर. आई दगडावर चढली, अंग झटकलं, आणि तोंडातला जिवंत मासा पिल्लांपुढं टाकला. तो निसटला. तिन्ही पिल्लं एकदम पाण्यात पडली, एकानं तो धरला आणि दोन्ही हातांत धरून, अगदी आपण कणीस धरतो तसा, डोक्याकडून कुरतडायला सुरुवात केली. मला हसू आलं. काकांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथंच राहिला. मी वळून पाहिलं तर काकांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

ऊद खाली निघून गेल्यावर कक्का म्हणाले, "हमाई सबरी मछरियाँ खा जैहें. पै का करें, इनईं को घर आय. हमसें पैलें के हैं." मग विडी पेटवत, "बहूजी होतीं तौ कित्ती खुस होतीं." परतीच्या बसमध्ये, आल्याचा झोला मांडीवर घेऊन, खिडकीबाहेर बघत ते म्हणाले, "तुझ्या काकूनं पाहिले होते. त्याच दगडावर. त्यानंतर आजच आले." माझ्यासमोर काकूंचं नाव त्यांनी काढलं ते एवढंच, एकदाच.

त्यानंतरचे काही महिने मला घरातला सर्वांत सुखाचा काळ म्हणून आठवतात. काका संध्याकाळी गुणगुणत. आई आप्पांना म्हणाली, "भाऊजींना काय झालंय हो? आज चक्क भाजीला मीठ कमी आहे म्हणाले." इतकी वर्षं ते पुढ्यात येईल ते जेवत होते. मी रोज त्यांच्यापाशी बसून वही वाचून दाखवायला सांगे, आणि ते आनंदानं दाखवत. कुठल्या दिवशी किती पिल्लं दिसली, कुठल्या दगडावर, पाण्याची पातळी काय. मी लक्ष देऊन ऐके आणि आतल्या खोलीत जाऊन ते सगळं इंग्रजीत उतरवून काढी.

कारण शाळेत प्रदर्शन होतं. निसर्गाचं निरीक्षण असा विषय दिला होता. बाकीच्या मुली पानं चिकटवणार होत्या, फुलपाखरं टोचणार होत्या. मला वाटलं, आपल्याजवळ तर खरं काहीतरी आहे, फक्त ते गिचमिड अक्षरात अडकलंय. मी काकांची वही सुटी करीन, नीट मांडीन. प्रदर्शन झालं की तीच वही पाडव्याला त्यांच्या हातात ठेवीन. इतक्या वर्षांचं काम सुवाच्य अक्षरात पाहून त्यांना काय वाटेल! चाळीस पानं झाली. पहिल्या पानावर अनुक्रमणिका. शेवटच्या पानावर नकाशा. बांधाच्या तुटक्या पायरीपासून पावलांनी मोजलेली अंतरं, काठावरची झाडं क्रमांक घालून, आणि तिसऱ्या कहुव्यापाशी तांबड्या शाईत एक लहानसा गोल. शेजारी, कुठल्या वेळी बाहेर येतात तेही. त्या नकाशात एक चूक नव्हती. तुम्ही मला नेहमी चिडवता ना, की आजीच्या यादीत मीठसुद्धा वर्णानुक्रमानं असतं? ही सवय माझी तेव्हापासूनची.

मला पहिलं बक्षीस मिळालं. पाहुणे म्हणून आलेल्यांत जंगलाच्या ठेक्याचं काम करणारे एक गृहस्थ होते, जाडजूड, सुगंधी, अतिशय गोड बोलणारे. माझ्या टेबलापाशी ते फार वेळ थांबले. "बेटी, ये नक़्शा तुमने बनाया? अपने हाथ से? कमाल है. इसकी एक नक़ल हमें मिलेगी? घर में बच्चों को दिखाएँगे, कहेंगे, देखो, लड़कियाँ ऐसे पढ़ती हैं." आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर अभिमानानं माझ्याकडे पाहत होत्या. मी तिथल्या तिथं, मधल्या सुट्टीत, पारदर्शक कागद ठेवून नकाशा उतरवला. तांबडा गोलही काढला. खाली हिरव्या शाईनं पूर्ण नाव आणि वर्ग लिहिला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी ऊद दिसले. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी आम्ही उंबराच्या मुळाशी बसलो, माझ्या तोंडात वडी होती, आणि शीळ आली नाही. बराच वेळ काका हलले नाहीत. मग उठले आणि पहिल्यांदाच आवाज करत, वाळक्या पानांवरून, पाण्यातून, सरळ तिसऱ्या कहुव्यापाशी गेले. मुळं कुदळीनं तोडली होती. बीळ उकरून उघडं टाकलं होतं. चिखलात लोखंडी काहीतरी ओढल्याच्या खुणा होत्या. ज्या दगडावर पिल्लू कणसासारखा मासा खात होतं त्यावर माशा घोंगावत होत्या. मी जवळ जाऊ लागले तशी काकांनी मागं न बघता हात आडवा केला.

कक्का बांधावर बसले होते. उठले नाहीत. "परों आए ते दो जने, जीप सें," ते म्हणाले. "हमने कई, इतै कछू नइयां, लौट जाओ. बोले, काए डुकरा, झूठ बोलत? नक्सा में लिखो है." डुकरा म्हणजे बुंदेलीत म्हातारा. आपण केलेली मनाई त्या माणसांनी नकाशा दाखवून हसण्यावारी नेली, हे सांगताना त्यांची मान खाली होती, जणू चूक त्यांचीच. "खालें उतार लै गए, बाबूजी. बच्चन की सोऊ." पिल्लांचीसुद्धा कातडी नेली. मग त्यांनी पागोट्यातून एक घडी केलेला कागद काढला. काम झाल्यावर त्या लोकांनी तो तिथंच टाकला होता. कक्कांना वाचता येत नव्हतं, पण कागद आहे म्हणून त्यांनी जपून ठेवला होता. तो पाण्यानं भिजला होता, तांबडा गोल पसरून रुपयाएवढा झाला होता. हिरवी शाई मात्र टिकली होती. माझं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

काकांनी तो उघडला, पाहिला. मग वर्तमानपत्राची करतात तशी काळजीपूर्वक घडी केली आणि वहीत ठेवून वही खिशात टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं आता ते विचारतील. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, पाया पडले असते, पाडव्याची गोष्टही सांगितली असती. ते म्हणाले, "चल. बस चुकेल."

बसमध्ये कंडक्टरनं झोल्याकडे पाहून विचारलं, "काय बाबूजी, आज अदरक नईं?" काका म्हणाले, "नईं भैया." झाशीची वस्ती लागेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग त्याच आवाजात, बाहेर बघतच, मला म्हणाले, "अक्षर चांगलं आहे तुझं."

हे वाक्य मी आयुष्यभर वागवलं आहे. तो टोमणा होता का? टोमणे मारणारा तो माणूस नव्हता. मग ती सांत्वना होती का? की त्यांना बोलायला दुसरं काहीच सुचलं नाही? घरी पोचल्यावर आई म्हणाली, "भाऊजी, आज आलं नाही आणलंत?" काका म्हणाले, "विसरलो, वहिनी." तेवढंच. आप्पांना, आईला, कुणालाही त्यांनी काही सांगितलं नाही. त्या दुपारी माझी चाळीस पानांची वही, बक्षिसाच्या फितीसकट, मी बंबात घातली. आई म्हणाली आज पाणी लवकर तापलं.

पुढच्या रविवारी पहाटे स्टोव्ह फसफसला, दशम्यांचा वास आला, आणि टक्‌ असा आवाज झाला. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, हे सवयीनं झालं असेल. मला वाटलं, उठले तर त्या बसमध्ये शेजारी बसावं लागेल, त्या दगडापर्यंत चालावं लागेल, आणि ते पुन्हा काही बोलणार नाहीत. काका दाराशी थोडा वेळ उभे असावेत. मग जिन्यावर पावलं ऐकू आली. उजाडल्यावर आईनं हलवलं, "कुमे, वडीला मुंग्या लागल्या. एवढी कसली झोप गं?" मी ती वडी छज्ज्यावर कावळ्यांना टाकली. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. घरात हळूहळू ठरून गेलं की कुमुदला आता अभ्यास असतो, ती थकते, तिला झोपू द्यावं. एकदा आई म्हणाली, "भाऊजी, कशाला दर रविवारी वडी वाया घालवता? तिचं बाहुल्यांचं वय गेलं." काका म्हणाले, "राहू दे, वहिनी. एक वडी ती काय."

मी कॉलेजात गेले, बी.ए. झाले. बोलणं चालू होतं हो, जेवताना, सणासुदीला. "काका, वरण वाढू?" "वाढ." माझ्या प्रत्येक निकालाला त्यांनी पेन दिलं. पण ओढा हा शब्द आमच्या दोघांत पुन्हा आला नाही. मग माझं लग्न झालं, आणि नागपूरला तुमच्या बाबाचा जन्म होऊन दहा दिवस झाले असताना काका गेल्याची तार आली. बाळंतिणीला प्रवास कुठला?

आई गेली तेव्हा घर आवरताना ट्रंकेत काकांच्या वह्या सापडल्या. सुतळीनं बांधलेल्या, ओळीनं लावलेल्या. नीटनेटकेपणा मी कुणाकडून घेतला ते तेव्हा कळलं. मी त्या बरोबर नेल्या, आणि तुमचे आजोबा निवृत्त झाल्यावर आम्ही झाशीला परतलो तेव्हा बरोबर परत आणल्या. एवढ्या वर्षांत सुतळी सोडली नाही. मोडी येत नाही हे सांगायला सोयीचं कारण होतं. खरं कारण असं की त्यांत माझ्याबद्दल काहीतरी लिहिलेलं असणार याची मला खात्री होती. जो माणूस तोंडानं बोलला नाही तो वहीत तरी बोललाच असेल.

मागच्या वर्षी नीलनं मला संगणकावर तो मोडीचा वर्ग लावून दिला. त्याला वाटलं आजीचा वेळ जाईल. पुण्याची एक तरुण मुलगी शिकवते, मला "अगं आजी, काना विसरलीस" म्हणून रागावते. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यावर आता माझी कुणीतरी तपासतं. अक्षरं ओळखीची झाल्यावर मी सुतळी सोडली. त्या उकरलेल्या बिळाच्या रविवारचं पान आधी काढून वाचावं असं वाटलं, पण मी पहिल्या वहीच्या पहिल्या पानापासून सुरुवात केली, रोज सकाळी दोन पानं. पहिल्याच वहीत एका ठिकाणी आहे, "ऊद दोन. समवेत सौ." पुढं बरीच पानं कोणी समवेत नाही. मग एके दिवशी, "समवेत चि. कुमुद, वय सहा. फार प्रश्न विचारते." मी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

ईरा, तुझी चित्रफीत आली त्याच आठवड्यात मी त्या रविवारापाशी पोचले होते. भिजून वाळलेला तो कागद तिथंच होता. त्या पानावर लिहिलंय, "थंडी. पाणी उतरलेलें. तिसरा कहुवा. ऊद नाहींत. समवेत चि. कुमुद." नकाशाबद्दल एक अक्षर नाही. मी पान उलटं धरून उजेडात पाहिलं. मागंही काही नाही. अक्षर चांगलं आहे याचा अर्थ काय, ते मला आता कळणार नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी लिहिलंय, "चि. कुमुद निजलेली. वडी ठेविली." त्याच्या पुढच्या रविवारी, "चि. कुमुद निजलेली. वडी ठेविली. धीवर एक." धीवर म्हणजे खंड्या. मग प्रत्येक रविवारी, पानामागून पान. पाखरं बदलतात, पाण्याची पातळी बदलते, ऋतू बदलतात, पेन्सिल बदलून शाई येते आणि काकांचा हात थोडा थोडा कापायला लागतो, पण पहिली ओळ तीच. सात वर्षांचे रविवार मी रोज दोन पानं या शिस्तीनं वाचू शकले नाही. एकाच दिवसात वाचून काढले. त्या दिवशी मी जेवले नाही, फोन उचलला नाही, संध्याकाळी दिवा लावायचा राहिला.

माझ्या लग्नाच्या आधीच्या रविवारचं पान आहे. घर पाहुण्यांनी भरलं होतं, उशाशी मामेबहिणी झोपल्या होत्या, आणि त्यांच्या अंथरुणांतून वाट काढत काका आले होते, हे मला चांगलं आठवतं. फुलपात्रावर नख वाजलं होतं, आणि त्या एका दिवशी त्यांनी ते दोनदा वाजवलं होतं. पानावर लिहिलंय, "चि. कुमुद परवां सासरीं जाणार. आज उठवावें असें वाटलें. निजली होती, निजूं दिलें. वडी ठेविली."

मी जागी होते. एकाही रविवारी मी निजलेली नव्हते.